स्ट्रेटनिंग क्रीम लावूनही तिसऱ्या धुण्याला केस परत कुरळे? आधी न्यूट्रलायझरची पायरी तपासा

गेल्या उन्हाळ्यात माझी भाची डोक्याला ओढणी गुंडाळून पार्लरमध्ये आली. ओढणी सोडली तर पुढचे केस काडीसारखे सरळ आणि टोकांशी भुरभुरीत, मानेवरचे मात्र जसेच्या तसे कुरळे. घरी लावायचं सौम्य स्ट्रेटनिंग क्रीम तिने आयुष्यात पहिल्यांदाच आणलं होतं आणि दोन महिन्यांत ते दोनदा लावलं होतं. पहिल्या वेळी केस छान सुटे झाले. आठवडाभर ती खूश होती. मग तिसऱ्यांदा डोक्यावरून अंघोळ केली आणि लाटा परत आल्या. "मावशी, मला वाटलं क्रीम कमी पडलं, म्हणून दुसऱ्या वेळी दहा मिनिटं जास्त ठेवलं." मी कंगवा फिरवला तर त्यात बोटभर लांबीचे तुकडे आले. गळलेला केस ओळखता येतो, त्याच्या मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो. या तुकड्यांना तो ठिपका नव्हता. हे केस गळलेले नव्हते, मधेच तुटलेले होते.

सोलापुरात माझं लहानसं पार्लर आहे, अठरा वर्षं झाली. अशी तक्रार घेऊन मुली वरचेवर येतात, आणि प्रत्येकीने आपल्या मनाने काढलेला उपायही एकच असतो: पुढच्या वेळी क्रीम जास्त वेळ ठेवायचं. हा उपाय चुकीचा आहे. केस परत कुरळे होण्याचं कारण बहुतेक वेळा क्रीममध्ये नसतं, क्रीम धुतल्यानंतरच्या अर्ध्या तासात असतं. तिथली चूक तशीच ठेवून क्रीमची वेळ वाढवली की केस सरळ राहत नाहीत ते नाहीतच, वर तुटायला लागतात.

तुमच्या खोक्यात नेमकं काय आहे

खोक्याच्या मागे बारीक अक्षरात घटकांची यादी असते. ती मोबाइलने फोटो काढून मोठी करून वाचा. आपल्याकडे घरगुती वापरासाठी मिळणाऱ्या बहुतेक क्रीममध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असतं. पार्लरच्या भाषेत थायो. खोक्यात दोन ट्यूब किंवा एक ट्यूब आणि एक बाटली असते: पहिलं क्रीम, दुसरा न्यूट्रलायझर, म्हणजे क्रीम धुतल्यावर केसांचा सरळपणा पक्का करायला लावायचं औषध. काही क्रीममध्ये मात्र सोडियम हायड्रॉक्साइड किंवा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. कॅल्शियमवाल्या क्रीममध्ये ग्वानिडीन कार्बोनेटचं पाणी ऐनवेळी मिसळायचं असतं. हे खरे रिलॅक्सर. अमेरिकेत आफ्रिकी वंशाच्या बायकांच्या दाट, घट्ट कुरळ्या केसांसाठी ते प्रामुख्याने वापरले जातात. नेटवर रिलॅक्सर म्हणून शोधलं की बहुतेक व्हिडिओ त्यांचेच दिसतात.

माझ्या भाचीची पहिली चूक इथेच झाली. खोकं थायोचं आणि पाहिलेला व्हिडिओ हायड्रॉक्साइडचा. दोन्ही क्रीमं पांढरी, दोन्ही लावून विंचरायची, पण केसाच्या आत दोघांचं काम वेगळं चालतं.

केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. त्याच्या आतले धागे जागोजागी गंधकाच्या जोड्यांनी एकमेकांना बांधलेले असतात. गोधडीला टाके असतात ना, तसे समजा. केसाचा कुरळेपणा या टाक्यांनी धरून ठेवलेला असतो. थायो हे टाके उसवतं. केस मऊ पडतो, विंचरून सरळ केला की तसा राहतो. पण त्या क्षणी तो उसवलेलाच असतो. न्यूट्रलायझरमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असतं. ते नव्या सरळ जागी टाके परत घालतं. क्रीम हे निम्मंच काम आहे.

हायड्रॉक्साइडचं तसं नाही. ते जोडीतला गंधकाचा एक अणूच काढून टाकतं आणि टाका कायमचा बदलतो. तो परत घालायचा नसतो. तिथे फक्त उरलेलं हायड्रॉक्साइड धुऊन काढायचं आणि आम्लधर्मी शॅम्पूने काम थांबवायचं असतं. त्या शॅम्पूंमध्ये बरेचदा रंग बदलणारा घटक असतो. फेस गुलाबी आला तर हायड्रॉक्साइड उरलंय, पांढरा आला तर निघालं. म्हणूनच त्या व्हिडिओतली बाई क्रीम धुते, शॅम्पू करते आणि मोकळी होते. माझ्या भाचीने तेच केलं. खोक्यातली दुसरी ट्यूब तिला कंडिशनर वाटली. दोन मिनिटं चोळून तिने ती धुऊन टाकली. म्हणजे टाके उसवले आणि जवळजवळ तसेच सोडले. तिसऱ्या अंघोळीपर्यंत केस सरळ राहिले याचंच मला आश्चर्य वाटलं.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण यात चूक झाली तर मागे फिरता येत नाही. ज्या केसांवर थायो झालंय त्यांवर हायड्रॉक्साइड लावायचं नाही, आणि उलटही नाही. एकाने केसाची रचना बदललेली असताना दुसरं लावलं तर केस हातात तुटून येतात. पार्लरमध्ये स्मूदनिंग किंवा रिबॉन्डिंग करून घेतलं असेल तर ते थायोचं काम असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तिथे विचारून घ्या.

दुसऱ्या ट्यूबकडे जाण्याआधी: पाणी

भाचीला मी विचारलं, "क्रीम धुतलंस कसं?" तर म्हणाली, "अर्धी बादली होती, तेवढ्यात."

आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. पिंपं भरून ठेवायची आणि मोजून वापरायचं, ही सवय लहानपणापासून अंगात मुरलेली. डोक्यावर चार तांबे ओतले, केस हाताला गुळगुळीत लागले की धुतले असं समजायचं. तेल-शिकेकाईला ते चालतं. इथे चालत नाही. थायो केसाच्या आत शिरलेलं असतं, वरून धुतल्यासारखं वाटलं तरी आतून झिरपत राहतं. त्यावर न्यूट्रलायझर लावला की त्याची ताकद आधी त्या उरलेल्या क्रीमशी लढण्यात संपते, टाक्यांपर्यंत तो पोहोचतच नाही. तुम्ही न्यूट्रलायझर अगदी घड्याळ लावून ठेवला असेल आणि तरी केस परत वळले असतील, तर संशय इथे घ्या.

वाहत्या कोमट पाण्याखाली कमीत कमी 5 ते 7 मिनिटं धुवायचं. खोक्यावर जास्त सांगितलं असेल तर तेवढं. शॉवर नसेल तर दोन-तीन बादल्या भरून ठेवा आणि ओतायला दुसरं माणूस घ्या, कारण एका हाताने ओतून दुसऱ्याने मानेमागचे केस मोकळे करणं जमत नाही. मानेवरचा भाग आणि कानामागचा भाग हमखास राहतो. बोटांनी केसांचे पदर सुटे करत पाणी आत जाऊ द्या. केस पिळायचे नाहीत, चोळायचे नाहीत. उसवलेला ओला केस यावेळी सगळ्यात नाजूक असतो. शेवटी एक बट नाकाशी धरा. थायोचा तो उग्र, अंडं नासल्यासारखा वास थोडा राहतोच, पण बोटांना बुळबुळीत लागत असेल तर अजून धुवा. ज्या दिवशी पाणी यायचंय त्याच दिवशी हे काम काढा.

बोअरच्या पाण्याचं वेगळं दुखणं आहे. गीझरमध्ये आणि नळाच्या तोंडाशी पांढरे थर जमत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर ते पाणी जड आहे. त्यातले क्षार केसांवर बसतात आणि क्रीम कुठे कमी, कुठे जास्त मुरतं. त्या घरांत आदल्या दिवशी ईडीटीए (पाण्यातले क्षार धरून काढणारा घटक) असलेल्या क्लॅरिफायिंग, म्हणजे केसांवरचे थर काढणाऱ्या शॅम्पूने केस एकदा धुऊन घ्यावेत. शेवटच्या धुण्याला तरी नगरपालिकेचं साठवलेलं पाणी वापरावं.

मग टॉवेल, आणि मगच न्यूट्रलायझर

धुतल्यावर केसांतून पाणी निथळत असताना न्यूट्रलायझर लावला तर तो पातळ होऊन मानेवरून वाहून जातो. जुना सुती पंचा घ्या, केस त्यात दाबून टिपा. चार-पाच वेळा कोरडी जागा बदलून टिपा. केस दमट राहिले पाहिजेत, ठिबकते नाहीत.

क्रीम लावताना जेवढे भाग पाडले होते तेवढेच आताही पाडायचे. मला दिसणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे. क्रीम लावायला मुली अर्धा तास देतात, चिमटे लावून बारीक भांग पाडतात, आणि न्यूट्रलायझर शॅम्पूसारखा डोक्यावर ओतून चोळतात. वरचे केस भिजतात, आतले कोरडे. म्हणून वरचे सरळ राहतात आणि आतले वळतात. प्रत्येक पदराला मुळापासून टोकापर्यंत लावा, मोठ्या दातांच्या प्लास्टिकच्या कंगव्याने अलगद सरळ करा, ओढू नका. केस ज्या आकारात असतील त्या आकारात टाके पडणार आहेत. कानामागे बट खोचली असेल तर तो बाक तसाच बसेल. धातूचे चिमटे, पिना, डबी, वाटी यातलं काही नको. वाटी प्लास्टिकची किंवा काचेची घ्या.

वेळ खोक्यावर दिलेली असते, ती पूर्ण द्या. क्रीमला जास्तीत जास्त वेळेची मर्यादा असते, न्यूट्रलायझरला कमीत कमी वेळेची. हा फरक लक्षात ठेवला तरी निम्म्या तक्रारी येणार नाहीत. आणि ट्यूब पुरली नाही म्हणून पाणी घालून वाढवू नका. केस कमरेपर्यंत असतील तर सुरुवातीलाच दोन खोकी आणा.

"न्यूट्रलायझर नव्हता म्हणून लिंबू पिळलं," असं मला तिघी-चौघींनी सांगितलंय. व्हिनेगरही. थायोसाठी याचा उपयोग नाही. लिंबू आंबट असतं, पण टाके परत घालायला पेरॉक्साइड किंवा ब्रोमेटच लागतं. पेरॉक्साइड उन्हाने आणि उष्णतेने निकामी होतं, हेही जाणून घ्या. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर असतो. त्या दिवसांत पत्र्याखालच्या माळ्यावर दोन महिने ठेवलेलं, किंवा एकदा उघडून परत झाकलेलं खोकं वापरू नका. तारीख बघा. उकाड्यात क्रीमही लवकर काम करतं, म्हणून थंडीत बसवलेली वेळ उन्हाळ्यात तशीच लावायची नाही.

ठिकठिकाणी वळले असतील तर

सगळं डोकं परत कुरळं होणं आणि काही भागच कुरळा राहणं या वेगळ्या तक्रारी आहेत. मानेवरचे आणि डोक्याच्या मागचे केस कुरळे, पुढचे सरळ, हे दिसलं की क्रीम लावण्याच्या क्रमात घोळ आहे. आरशात पुढचं दिसतं म्हणून आपण पुढून सुरुवात करतो. मागे पोहोचेपर्यंत पंधरा मिनिटं जातात. मागचे केस बरेचदा जास्त चिवट असतात, त्यांना सगळ्यात कमी वेळ मिळतो. कपाळावरचे केस सगळ्यात नाजूक आणि त्यांना सगळ्यात जास्त. मागून सुरू करा, कपाळ आणि कानशिलं शेवटी. पहिल्यांदा लावताना टाळूपासून अर्धा-एक सेंटीमीटर सोडून केसाच्या मधल्या भागाला लावा, टोकांना शेवटी. टाळूच्या उष्णतेने मुळाशी क्रीम जलद काम करतं आणि टोकं जुनी, झिजलेली असतात.

किती झालंय हे घड्याळापेक्षा केस सांगतो. दर पाच मिनिटांनी मागची एक आणि पुढची एक बट घ्या, कंगव्याच्या पाठीने क्रीम पुसा, बोटाभोवती गुंडाळून सोडा. टुणकन परत वळली तर अजून वेळ आहे. सैल पडून राहिली तर झालं, लगेच धुवायला जा. बटेकडे बघायला जमत नसेल तर आई, बहीण, मैत्रीण कुणाला तरी बसवा. पहिल्या वेळी एकटीने करायचं हे काम नाही.

मेंदीचे केस असतील तर नुसती मेंदी आणि काळी मेंदी यांत भेद करा. शुद्ध मेंदीचा रंग केराटिनला घट्ट धरतो, त्यावर क्रीम कमी-जास्त मुरतं, ठिगळं पडल्यासारखं दिसतं. काळ्या मेंदीत आणि हळूहळू केस काळे करणाऱ्या काही औषधांत इतर रसायनं असतात. त्यात धातूचे क्षार असले तर पेरॉक्साइडशी गाठ पडताच केस गरम होऊन जळू शकतात. अशा डोक्यावर माझ्या पार्लरमध्ये मी क्रीम लावत नाही, कितीही गळ घातली तरी.

मुळं फुगली म्हणजे क्रीम उतरलं असं नाही

दोन महिन्यांनी येणारी तक्रार वेगळी. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दोन महिन्यांत मुळाशी दोन-अडीच सेंटीमीटर नवा, कुरळा केस येतो आणि खालचा सरळच असतो. हा दोष नाही. लावायचंच असेल तर त्या नव्या भागालाच लावायचं, खालच्या सरळ केसाला कंडिशनर किंवा व्हॅसलीनचा पातळ हात देऊन झाकायचं. जुन्या भागावर क्रीम पुन्हा चढलं की नेमका त्या सांध्यावर केस तुटतो. भाचीच्या कंगव्यात आलेले तुकडे तसलेच होते. दुसऱ्या वेळी तिने सगळ्या लांबीला लावलं होतं, तेही दहा मिनिटं जास्त.

दर दीड महिन्याला सगळं डोकं परत करायच्या मोहाबद्दल एक गंभीर गोष्ट. अमेरिकेत 33,497 बायकांचा जवळजवळ 11 वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. केस सरळ करणारी उत्पादनं कधीच न वापरणाऱ्यांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं प्रमाण अंदाजे 1.64 टक्के, आणि वर्षात चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये 4.05 टक्के निघालं. यावरून क्रीममुळेच कर्करोग होतो असं सिद्ध होत नाही. तरी मी माझ्याकडच्या मुलींना वर्षातून दोनदाच्या वर करू देत नाही.

आता काय करायचं

केस परत वळलेत आणि तुम्ही दुसरं खोकं आणायला निघालाय, तर थांबा. एक ओला केस दोन्ही हातांत धरून हळू ताणा. धडधाकट ओला केस जवळजवळ एक तृतीयांश ताणला जातो आणि परत जागेवर येतो. च्युइंगमसारखा ताणून तसाच राहिला किंवा पटकन तुटला, तर त्या डोक्यावर आता काहीच लावायचं नाही. इस्त्री नाही, रंग नाही. ओल्या केसांवर इस्त्री तर कधीच नाही, आतल्या पाण्याची वाफ होऊन केसाला आतून फोड येतात. तुटका केस तेलाने, अंड्याने, महागड्या सीरमने जुळत नाही. मऊ वाटतो इतकंच. तो कापायचा आणि नव्या केसाची वाट बघायची.

केस ताणून नीट परत येत असेल तर माझ्या हिशेबाने दोन महिने थांबा. मग आधी कानामागे थोडं क्रीम लावून धुवा आणि पुढचे 48 तास खाज, लाली येते का बघा. मानेवरच्या एका बारीक बटेवर क्रीम, धुणं, टिपणं, न्यूट्रलायझर हे सगळं पूर्ण करून तीन वेळा धुऊन बघा. बट सरळ राहिली तर डोकं करा. टाळूवर फोड, जखम, खाजवलेलं असेल किंवा गरोदर असाल तर नको. लावताना टाळू चुरचुरायला लागली तर वेळ झालेली नसली तरी ताबडतोब धुवा. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याचे हबके मारत राहा आणि डॉक्टरकडे जा.

सौम्य क्रीमकडून अपेक्षाही बेताची ठेवा. घट्ट कुरळे केस त्याने सैल लाटांचे होतात, गुंता कमी होतो, विंचरणं सोपं होतं. जाहिरातीतल्या मुलीसारखे पाण्यासारखे सरळ होत नाहीत, आणि तसे करायला गेलात की वेळ वाढवण्याच्या फंदात पडता.

भाचीचे केस त्या दिवशी खांद्यापर्यंत कापले. ती रडली, मी कापत राहिले. दिवाळीच्या आधी मुळाशी चांगले पाच-सहा सेंटीमीटर नवे केस आले होते. पाणी यायच्या दिवशी सकाळी सहाला आम्ही दोघी न्हाणीघरात बसलो, तीन बादल्या भरून. ओतायला तिची आई. फक्त नव्या केसांना क्रीम, मागून पुढे. मग सात मिनिटं नुसतं धुणं, दोन पंचे भिजेपर्यंत टिपणं, आणि आठ पदरांत न्यूट्रलायझर. रात्री वेणी घालायची तिची सवय तीन दिवस सोडायला लावली. मानेवरचे केस या वेळी पहिले बघितले आणि नंतर दर धुण्याला तिने मला तेवढ्याच भागाचा फोटो पाठवला. सातव्या धुण्यापर्यंत फोटोत फरक नव्हता.